डोळे फसवतात, मग जाणायचं कशाच्या भरवशावर?

तुमच्या टिपणात तीन विधानं एकामागून एक येतात. इंद्रियं फसवतात, म्हणून खात्रीचं ज्ञान शक्य नाही. आपण जग पाहतच नाही, मेंदूनं रचलेलं चित्र पाहतो. आणि आजवरच्या सगळ्या संस्कृती लयाला गेल्या, तेव्हा दोन-तीनशे वर्षांत माणूसही संपेल किंवा यंत्रात विरून जाईल. यात तर्क कुठे घसरतो, आणि तत्त्वज्ञानाची पदवी नसलेल्या माणसानं हा विचार पुढे कसा न्यावा, असं तुम्ही विचारलंत.

घसरण एकाच जागी आहे. तिन्ही विधानं वेगवेगळ्या जातीची आहेत आणि तुम्ही ती एकाच तराजूत घातलीत. विधान समोर आलं की आपण लगेच 'हे खरं का?' असं विचारतो. त्याआधी 'हे कळलं कशानं?' असं विचारावं. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याची चार उत्तरं दिली: प्रत्यक्ष (इंद्रियांनी जाणणं), अनुमान (खुणेवरून तर्क), उपमान (साम्यावरून ओळख) आणि शब्द (भरवशाच्या माणसाचं सांगणं). जाणण्याच्या या साधनांना प्रमाणं म्हणतात. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानलं, सांख्यांनी तीन, भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी सहा. संख्येवरचा वाद तूर्त बाजूला ठेवा. प्रत्येक प्रमाणाचे दोष निराळे असतात आणि ते शोधण्याची रीतही निराळी असते, एवढं धरून चाललं तरी तुमच्या टिपणातला बराच गुंता सुटतो.

सुरुवात डोळ्यांपासून करू. पुढचा प्रयोग वाचून सोडू नका, करून पाहा. कोरा कागद आडवा धरा. डावीकडे एक फुली काढा. तिच्याच उंचीवर, उजवीकडे बरोबर 10 सेंमी अंतरावर, सुमारे 1 सेंमी व्यासाचा काळा ठिपका भरा. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्यानं फुलीकडे टक लावा. कागद 55-60 सेंमीवरून सावकाश जवळ आणा. साधारण 35 ते 40 सेंमीवर ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ, 25 सेंमीपर्यंत आणलात की तो परत येतो. ठिपका गेला नाही तर बहुधा तीनपैकी एक चूक झालेली असते: नजर नकळत ठिपक्याकडे सरकली, कागद तिरका धरला गेला, किंवा उजव्याऐवजी डावा डोळा उघडा राहिला. ठिपका उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या बाजूला असेल तरच जातो. दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात आणि ही जागा नजरेच्या रेषेपासून सुमारे 15 अंश बाजूला पडते. 10 सेंमीचं अंतर 36 सेंमीवरून पाहिलं की जवळजवळ तेवढाच कोन होतो. आता ठिपक्यातून आरपार एक सरळ रेघ ओढा आणि पुन्हा पाहा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. जिथून काहीच माहिती येत नाही तिथे आजूबाजूच्या रेघेच्या अंदाजानं भर घातली जाते.

'पाहा, मेंदू जग बनवतो' असं म्हणून बहुतेक जण इथेच थांबतात. एक पाऊल पुढे टाका. ठिपका जाग्यावर होता हे तुम्हाला कशानं कळलं? कागद हलवून, दुसरा डोळा उघडून, बोट लावून. म्हणजे प्रत्यक्षातली चूक प्रत्यक्षानंच पकडली. दोरीचा साप दिवा आणल्यावर मोडतो आणि दिव्याच्या उजेडात दोरी दिसते तीही डोळ्यांनाच. 'काही वेळा चूक होते' यावरून 'नेहमीच चूक होते' हे निघत नाही, कारण काही वेळा चूक झाली हे ठरवायलाच कुठलं तरी बरोबर ज्ञान हाताशी लागतं. न्यायदर्शनाचा अन्यथाख्यातिवाद हेच सांगतो: शिंपल्यावर चांदी दिसते, कारण खरी चांदी पूर्वी कुठेतरी पाहिलेली असते. जिनं चांदी कधीच पाहिली नाही तिला शिंपल्यात चांदी दिसणार नाही.

दुसरा प्रयोग पाण्याचा. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं 17व्या शतकात यावरून युक्तिवाद केला होता. तीन भांडी घ्या: एकात सुमारे 40 अंश सेल्सिअसचं पाणी (त्याहून गरम नको), दुसऱ्यात 15, मधल्यात 28. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात दोन मिनिटं ठेवा, मग दोन्ही एकदम मधल्या भांड्यात घाला. एकच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला कोमट. अनेक जण यावरून उष्णता मनाचाच खेळ असल्याचं सांगतात. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. त्वचेला मुख्यतः बदल कळतो, त्वचेच्या आत्ताच्या तापमानाहून पाणी किती वरखाली आहे हे कळतं. दोन्ही हातांनी आपापल्या जागी बरोबरच वर्दी दिली. चूक ती वर्दी वाचण्यात झाली, कारण तुम्ही हाताला थर्मामीटरचा प्रश्न विचारलात. इंद्रियाचा दोष आणि निर्णयाचा दोष वेगळे काढायची सवय लागली की 'इंद्रियं फसवतात' हे वाक्य तुम्ही सहसा वापरणार नाही.

म्यूलर-लायरच्या (1889) दोन रेघा तुम्हाला ठाऊक असतीलच, बाणांची टोकं आत वळलेली आणि बाहेर वळलेली. मोजपट्टी लावून दोन्ही सारख्याच भरल्या तरी एक लांब दिसतच राहते. दिसणं आणि मानणं या दोन क्रिया आहेत आणि दुसरी पहिलीची गुलाम नाही, एवढं यातून घ्यावं.

आता दुसरं विधान. माणसाला साधारण 380 ते 750 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. मधमाशीला अतिनील दिसतो, काही सापांना उष्णतेच्या लहरी जाणवतात. यावरून आपलं दर्शन तोकडं आहे हे सिद्ध होतं, खोटं आहे हे होत नाही. जिल्ह्याच्या नकाशात प्रत्येक विहीर नसते म्हणून कोणी तो नकाशा बनावट ठरवत नाही. 'उत्क्रांतीनं आपल्याला जगण्यासाठी घडवलं, सत्य पाहण्यासाठी नव्हे' हा युक्तिवाद हल्ली फार फिरतो. तो टोकाला नेलात तर जीवाश्म, पेशी आणि पक्ष्यांच्या चोची ज्या डोळ्यांनी पाहून उत्क्रांती समजली तेच डोळे अविश्वसनीय ठरतात आणि युक्तिवाद स्वतःची फांदी तोडतो.

तुम्ही अद्वैताचा दाखला देऊन 'जग स्वप्नासारखं' म्हटलंय, त्यावर थोडं थांबावं लागेल, कारण आपल्याकडे हा दाखला सर्रास चुकीचा दिला जातो. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात 29वं सूत्र आहे: 'वैधर्म्याच्च न स्वप्नादिवत्'. जागेपणीचं ज्ञान स्वप्नासारखं नाही, कारण दोन्हींचे धर्म वेगळे आहेत. यावरच्या भाष्यात शंकराचार्य विज्ञानवाद्यांविरुद्ध, म्हणजे बाहेरच्या वस्तू नाहीत, फक्त ज्ञान आहे असं मानणाऱ्या बौद्धांविरुद्ध, सांगतात की स्वप्नात पाहिलेल्या वस्तूचा जागं झाल्यावर बाध होतो (ती खोटी ठरते), जागेपणी पाहिलेल्या खांबाचा तसा कोणत्याही अवस्थेत होत नाही. अद्वैतात खरेपणाच्या तीन पायऱ्या आहेत: दोरीवरचा साप प्रातिभासिक (नुसता भास), दोरी व्यावहारिक (रोजच्या व्यवहारात खरी) आणि ब्रह्म पारमार्थिक (अंतिम सत्य). पहिल्या दोन पायऱ्या एक करून टाकल्या तर शंकराचार्यांचं म्हणणंच हातातून निसटतं. पारमार्थिक पायरी मानायची की नाही हा पुढचा प्रश्न, आणि त्याचा निकाल डोळ्यांच्या भ्रमांवरून लागत नाही.

मग ज्ञान कशाला म्हणायचं? मानलेली गोष्ट खरी असली आणि मानण्याला कारण असलं की ज्ञान झालं, असं पुष्कळांना वाटतं. 1963 मध्ये एडमंड गेटियर यांनी जेमतेम तीन पानांच्या लेखात हे अपुरं असल्याचं दाखवलं आणि पाश्चात्त्य विद्यापीठांत खळबळ उडाली. 12व्या शतकात अद्वैती तत्त्वज्ञ श्रीहर्षानं याच जातीची उदाहरणं दिली होती. मुठीत किती कवड्या आहेत असं विचारल्यावर एकानं अंदाजानं 'पाच' म्हटलं, आणि निघाल्याही पाच. दुसऱ्यानं डोंगरावरचं धुकं धूर समजून 'तिथे आग आहे' असं ठरवलं आणि योगायोगानं तिथे आग होती. निष्कर्ष खरा निघाला, पण दोघांनाही काही कळलं होतं असं म्हणवत नाही. स्वतःची विधानं तपासायला यातून एक कामाचा प्रश्न मिळतो: गोष्ट उलटी असती, तरीही मी हेच म्हटलं असतं का? कवड्या सहा असत्या तरी तो पाचच म्हणाला असता. उत्तर 'हो' आलं तर तुमच्याकडे मत आहे, ज्ञान नाही.

तुमच्या टिपणाचा सगळा भार अनुमानावर आहे, म्हणून इथे जास्त वेळ देतो. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे टिकतं. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग अग्नीबरोबर इतक्यांदा धूर दिसतो तो कशामुळे? ओल्या सरपणामुळे. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. ती ओळखायची खूण नेमकी आहे: सिद्ध करायची गोष्ट (धूर) जिथे जिथे आहे तिथे ती अट असतेच, पण कारण म्हणून दिलेली गोष्ट (अग्नी) जिथे आहे तिथे ती असेलच असं नाही. अशी एक अट सापडली की अनुमान कोसळतं, मग उदाहरणं शंभर असोत की हजार.

हे तुमच्या तिसऱ्या विधानाला लावा. 'आजवरच्या संस्कृती लयाला गेल्या, म्हणून मानवजात संपेल.' आधी शब्द तपासा. रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य 476 मध्ये संपलं, माणसं संपली नाहीत. राज्यव्यवस्था मोडणं आणि मानवजात नष्ट होणं ही दोन वेगळी साध्यं (सिद्ध करायच्या गोष्टी) आहेत आणि तुमचा पुरावा पहिल्याचा आहे. मग उपाधी शोधा. कोसळलेल्या प्रत्येक व्यवस्थेत कोणती अट होती: एकाच नदीवर किंवा पिकावर विसंबणं, लांबवरची तटबंदी न परवडणं, साथीचा रोग? ती अट आजच्या जगाला लागू आहे का? कुठे ती अट सुटली आहे, तर कुठे नव्या रूपात अधिक घट्ट झाली आहे. अण्वस्त्रं पूर्वीच्या एकाही उदाहरणात नव्हती, म्हणून जुनी उदाहरणं भीती वाढवायलाही पुरत नाहीत आणि धीर द्यायलाही नाहीत.

हौशी चिंतकांच्या आवडीचा आणखी एक युक्तिवाद आहे, प्रलयाचा, म्हणजे मानवजात किती काळ टिकेल याचा, जो खगोलशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी 1983 मध्ये मांडला. हिशेब सोपा आहे, म्हणूनच भुरळ घालतो. आजवर जन्मलेल्या माणसांचा अंदाज सुमारे 11,700 कोटी. सगळ्या भूत-भविष्य माणसांतून मी चिठ्ठी टाकून निवडलेला आहे असं मानलं, तर मी पहिल्या 5 टक्क्यांत नसण्याची शक्यता 95 टक्के. म्हणजे एकूण माणसं 11,700 च्या 20 पटींहून, 2,34,000 कोटींहून, कमी. वर्षाला सुमारे 13 कोटी जन्म धरले तर उरतात 17,000 वर्षं. गणितात चूक नाही. हेतू, म्हणजे अनुमान ज्या कारणावर उभं आहे ते, मात्र असिद्ध आहे: 'मी चिठ्ठीनं निवडलेला' हे कुठून आलं? चिठ्ठ्या कुणी टाकल्या, आणि पेटीत कोण कोण होतं? निअँडरथल धरायचे का, भविष्यातली विचार करणारी यंत्रं धरायची का? पेटी बदलली की उत्तर बदलतं. या युक्तिवादाला खोडून काढल्याचा दावा मी करत नाही, त्यावर अजून गंभीर चर्चा चालते. पण त्यावर भविष्याचा इमला उभा करू नये.

भविष्याविषयीची विधानं एका पट्टीवर लावून पाहा. एका टोकाला ग्रहणं. 2 ऑगस्ट 2027 ला खग्रास सूर्यग्रहण आहे आणि इजिप्तमधल्या लक्झरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल, हे आज सांगता येतं, कारण यंत्रणा ठाऊक आहे आणि चंद्र आपलं भाकीत ऐकून मार्ग बदलत नाही. त्याच्या अलीकडे लोकसंख्या. 2060 मध्ये चाळिशीत असणारी माणसं 2020 पर्यंत जन्मलेली आहेत, त्यांची संख्या बरीचशी ठरून गेली आहे. किती मुलं जन्मतील हे तितकं ठरलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजात जगाची लोकसंख्या 2080 च्या दशकात सुमारे 1,030 कोटींवर पोहोचून उतरू लागते. महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.7 होता, म्हणजे 2.1 या पुनर्स्थापन पातळीच्या (जिच्यावर लोकसंख्या टिकून राहते) खाली. 'माणसं वाढत जाऊन पृथ्वी फुटेल' हे तुमच्या टिपणातलं आणखी एक वाक्य यापुढे उभं राहत नाही.

दुसऱ्या टोकाला नवं ज्ञान आणि त्यातून येणारं तंत्र. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा युक्तिवाद इथे मोलाचा आहे: उद्या लागणारा शोध आज नेमका सांगता आला, तर तो आजच लागला म्हणायचा. म्हणून ज्ञानाच्या वाढीवर अवलंबून असलेला इतिहास शास्त्रीय पद्धतीनं भाकित करता येत नाही. 1980 मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी तांबं, क्रोमियम, निकेल, कथिल आणि टंगस्टन या पाच धातूंवर 1,000 डॉलरची पैज लावली. टंचाईनं भाव चढतील असं एर्लिक यांचं म्हणणं. 1990 मध्ये महागाई वजा करता भाव उतरलेले निघाले आणि एर्लिक यांनी 576.07 डॉलरचा चेक पाठवला. ही गोष्ट सायमन यांच्या विजयाची म्हणून सांगतात, पण 20व्या शतकातली इतर दशकं निवडली असती तर बऱ्याच वेळा एर्लिक जिंकले असते. मला या पैजेतला वेगळाच भाग शिकण्यासारखा वाटतो: वस्तू, मुदत आणि मोजमाप आधी लिहून ठेवलं होतं, म्हणून कोण चुकलं ते कळलं.

तुम्हीही तसंच करा. एक वही घ्या आणि प्रत्येक विधानापुढे पाच गोष्टी लिहा: विधान, ते कोणत्या प्रमाणानं कळलं, काय दिसलं तर मी ते सोडेन, खरं ठरण्याची शक्यता किती, आणि कोणत्या तारखेला तपासणार. 'लवकरच' आणि 'मोठ्या प्रमाणावर' हे शब्द वहीत नकोत, त्यांचा निकाल कधीच लागत नाही. दोनशे वर्षांपुढचं विधान तपासायला तुम्ही असणार नाही, म्हणून त्याचा येत्या वर्षभरात दिसावा असा एखादा परिणाम काढा. तसा परिणामच निघत नसेल तर ते विधान वेगळ्या पानावर, कल्पना म्हणून लिहा. गुण द्यायला हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांची 1950 ची रीत वापरा: घडलं तर 1, न घडलं तर 0, त्यातून तुमची शक्यता वजा करून वर्ग. 70 टक्के म्हटलं आणि घडलं तर 0.09, न घडलं तर 0.49. 95 टक्के म्हटलं आणि न घडलं तर 0.9025. सगळ्याला 50 टक्के म्हणणाऱ्याची सरासरी 0.25 येते. तीस विधानांनंतर तुमची सरासरी त्याहून वर असेल, तर तुमची ठाम वाक्यं नाणं उडवण्यापेक्षाही वाईट आहेत. दहा-बारा विधानांवरून काही ठरवू नका, तेवढ्यात नशीब आणि समज वेगळी करता येत नाही.

यंत्रात विरून जाण्याविषयी तुम्ही लिहिलंत, त्याबाबत मला जवळचा धोका वेगळा दिसतो. आपल्या ज्ञानाचा फार मोठा वाटा शब्दप्रमाणाचा असतो: स्वतःची जन्मतारीख, पृथ्वीचं वय, औषधाची मात्रा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायनानं आप्ताचं, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं अशा माणसाचं, लक्षण सांगितलं: ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे, असंही स्पष्ट म्हटलं. आता प्रश्नांची उत्तरं देणारी यंत्रं आली आहेत. ती वाक्यं बनवतात, पण जाणणारा आणि सांगू इच्छिणारा कोण, हे तिथे उघड नाही. पोपटाच्या बोलण्यावर नैयायिकांनी हाच खल केला आहे. 17व्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त म्हटलंय की पोपटाचं वाक्य खोटं निघालं तर तिथे तात्पर्य (बोलण्यामागचा हेतू) शिकवणाऱ्याचं मानावं. यंत्राच्या बाबतीतही तोच प्रश्न विचारा: शिकवलं कुणी, कशावर, कोणत्या हेतूनं? तोवर त्याच्या उत्तराला संशय जागवणारी सूचना समजा आणि दुसऱ्या प्रमाणानं पडताळा: मूळ ग्रंथ उघडा, आकडा स्वतः मांडा, जाणकाराला विचारा. हे लांबलेलं उत्तरही त्याच वागणुकीला पात्र आहे.

पुढच्या वाचनासाठी भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' हाताशी ठेवा. संस्कृतात आहे, पण एकेक शब्द काढून पाहायला जड जात नाही. 'परामर्श' या तत्त्वज्ञानविषयक मराठी नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर चाळा. अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञानाची संस्था आहे, हे खानदेशाबाहेर फार कमी लोकांना ठाऊक असतं. 1983 मध्ये पुण्यात पारंपरिक नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेले तत्त्वज्ञ ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या विधानकल्पनेवर ('विधान' म्हणजे नेमकं काय यावर) चर्चेला बसले होते, त्यात मराठी तत्त्वचिंतक मे. पुं. रेगे यांचा मोठा वाटा होता. ती चर्चा 1991 मध्ये 'संवाद' नावानं प्रसिद्ध झाली. त्यात एक पक्ष दुसऱ्याचं म्हणणं आधी त्याच्याच शब्दांत मांडतो आणि मगच खोडायला घेतो. तुमच्या पुढच्या टिपणात तिसऱ्या विधानाआधी त्याचा पूर्वपक्ष (विरुद्ध बाजूचं म्हणणं) एका पानात लिहा, त्या पक्षाच्या माणसाला 'हो, हेच म्हणायचंय मला' असं वाटेल इतका नीट. मग टिपण पुन्हा पाठवा.